भांडणाचे पंचांग

नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, असे एक शहाणपण आपल्या समाजात फार जुने आहे. आपल्या कार्यकर्त्यांनीही ते मुकाट्याने स्वीकारलेले दिसते. रेशन दुकानाची तक्रार आली, रोहित्र जळाले, तलाठ्याने फेरफार अडवला, की आपण तातडीने धावतो. पण शेजारच्या घरातून रात्री भांडी आपटल्याचा आणि पाठोपाठ रडण्याचा आवाज आला, तर 'तो त्यांचा घरगुती मामला' असे म्हणून कूस बदलतो. या शहाणपणाच्या मुळाशी एक गृहीत आहे. अशी भांडणे स्वभावातून निघतात, कुणाचा नवरा तापट असतो, कुणाची बायको तोंडाळ असते, आणि स्वभावाला औषध नसते, असे ते गृहीत होय. ते तपासून पाहावयास हवे. कारण स्वभावाला महिने नसतात. भांडणांना ते असतात.

तापट माणूस बारा महिने तापट असावयास हवा. परंतु हिंगोली जिल्ह्याच्या खेड्यांतून ज्याने वर्षभर पायपीट केली आहे, त्याचा अनुभव निराळा असतो. जे घर माघात शांत असते तेच मृगाच्या तोंडावर पेटते. पोळ्याच्या आगेमागे पुन्हा कुरबूर वाढते, दिवाळीत आणखी एकदा भडका उडतो. एका घराचे नव्हे, आळीच्या आळीचे हे असे होते. शंभर घरांतील स्वभाव एकाच पंधरवड्यात कसे बिघडतात, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारलेला नाही.

परभणीपासून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, आणि शंभरातील ८५ माणसे खेड्यांत राहणारी. येलदरी-सिद्धेश्वरचे पाणी पोचते त्या वसमतच्या शिवारात हळद, ऊस आणि केळी दिसते. औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या माळरानांवर मात्र सोयाबीन, तूर, कापूस, आणि आभाळाकडे लागलेले डोळे. अशा जिल्ह्यात पैसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा घरात येतो. खर्च मात्र रोज येतो. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम ज्या दोन माणसांवर पडते, ती दोघे म्हणजे नवरा आणि बायको.

मृगापासून सुरुवात करू. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग निघतो आणि त्याच पंधरवड्यात घरावर सर्व मागण्या एकदम चालून येतात. बियाणे हवे, खत हवे, मुलांच्या वह्या-पुस्तकांना पैसे हवेत, गळके छप्पर झाकावयास हवे. बँकेचे पीककर्ज जुने भरल्यावाचून नवे मिळत नाही. म्हणून चार दिवसांपुरते सावकाराकडून उचलायचे, बँकेत भरायचे, आणि कर्जाचे 'नवे-जुने' करून घ्यायचे. तेही जमले नाही, तर नजर जाते ती बायकोच्या गळ्यातील पोतीकडे. नवरा म्हणतो, ती ठेवू आणि दिवाळीत सोडवू. बायको म्हणते, कानातले मागच्या मृगात गेले ते अजून सुटलेले नाहीत. येथून शब्दाला शब्द लागतो. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्यास वाटते, दागिन्याच्या हौसेपायी बाई भांडते आहे. वस्तुतः आजारपण, बाळंतपण आणि दुबार पेरणी या तिन्ही संकटांसाठी त्या घरात जी एकच ठेव शिल्लक आहे, तिचे ती रक्षण करीत असते.

त्यातच दर तिसऱ्या वर्षी धोंड्याचा महिना येतो. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा, म्हणजे नेमका पेरणीच्या तोंडावर. जेथून लेक दिली त्या घरी बियाण्याच्या पैशातून जावयाचा आहेर निघतो; जेथे ती नांदते त्या घरी 'तुझ्या बापाने काय केले' हा विषय निघतो. एकाच आहेरातून दोन घरांत दोन भांडणे उभी राहतात.

श्रावण-भाद्रपदाची कथा वेगळी नाही. शिवार हिरवेगार असते आणि घरातल्या कणग्या रिकाम्या असतात. निंदणी-खुरपणीचे काम बहुतांशी बायकांच्या माथी. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाईने संध्याकाळी चूल पेटवायची. याच दिवसांत पोळा येतो, महालक्ष्म्या येतात, लेकीबाळी माहेरी येतात, आणि किराणा दुकानदार मागील उधारी मिटवल्याखेरीज पुडी बांधावयास तयार नसतो. गेल्या काही वर्षांत यात एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. तो म्हणजे गटाच्या कर्जाचा हप्ता. बायकांचे गट करून कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था गावोगाव पोचल्या. कर्ज बाईच्या नावावर, सही बाईची, आधार कार्ड बाईचे. रक्कम गेली बोअर पाडण्यात किंवा पेरणीत, म्हणजे नवऱ्याच्या हाती. हप्ता मागणारा मात्र बाईच्याच दारात येतो, आणि तिने भरला नाही तर गटातल्या इतर नऊजणी तिच्या अंगणात येऊन बसतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली नियम केला, की सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा अधिक नसावेत. नियम चांगला आहे. पण ज्या घरात मासिक उत्पन्न अशी वस्तूच नाही, तेथे तो मोजावा कशाने? पीक वर्षाने येते आणि हप्ता महिन्याने. हे न जुळणारे गणित दर महिन्याच्या ठरल्या तारखेस त्या घरात भांडणाच्या रूपाने सोडवले जाते.

मग सोयाबीन निघते. आता तरी घर शांत व्हावे. पण सोयाबीन खळ्यावरून थेट आडत्याकडे जाते, कारण आडत्याची उचल आधीच खाल्लेली असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर केला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. राज्यातील हमीभावाची खरेदी सुरू झाली १५ नोव्हेंबरला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील पिके आधीच झोडपून काढली होती. जे हाती लागले ते ज्याला दिवाळी करायची होती त्याने खरेदी केंद्र उघडण्यापूर्वी पडेल भावात विकले. त्या घरी बायकोने विचारले असेल, इतकी घाई का केलीत? आणि नवऱ्याने उत्तर दिले असेल, लेकरांच्या कपड्यांची घाई कुणाला होती? दोघेही खरेच बोलत होते. चूक त्या दोघांच्या संवादात नव्हती; ती पंचवीस दिवस उशिरा उघडलेल्या खरेदी केंद्रात होती.

दिवाळीच्या सुमारास तांड्यांवरून आणि कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ऊसतोडीच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटे माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. दाम्पत्य हेच मजुरीचे एकक मानणारा दुसरा धंदा शोधून सापडणार नाही. मुकादमाची उचल नवऱ्याच्या हाती पडते आणि तिची फेड दोघांच्या अंगमेहनतीतून होते. उचल किती घेतली, कशावर खर्च झाली, मुलांना हंगामी वसतिगृहात ठेवायचे की थळात न्यायचे, म्हाताऱ्या सासूजवळ कोण राहणार, हे सारे प्रश्न ट्रक दारात उभा राहण्याच्या आदल्या आठवड्यात निघतात. जिच्या श्रमावर ती उचल मिळाली तिला त्या व्यवहाराच्या वेळी कोणी विचारलेले नसते. म्हणून ती आता विचारते. याला आपण भांडण म्हणतो.

बागायती गावांतही चित्र फार वेगळे नाही. जूनमध्ये लावलेली हळद माघ-फाल्गुनात निघते. खणणे, कंद मोडणे, शिजवणे, वाळत घालणे, या दोन महिन्यांत घरातली बाई पहाटेपासून काहिलीजवळ आणि वाळवणापाशी असते. अवकाळीचे ढग दिसले, की वाळवण झाकण्यासाठी रात्रीबेरात्री धावपळ. तो माल वसमतला किंवा हिंगोलीला बिटावर जातो, आणि हिशेबाची पट्टी घेऊन पुरुष घरी येतो. त्यानंतर लग्नसराई, आटलेल्या विहिरी, टँकरची वाट. पिवळ्या हातांची ही बाई पट्टीवरचा आकडा विचारते, तेव्हा तिला मिळणारे उत्तर बहुधा आकड्यात नसते.

भांडणांना ऋतू असतो, हे केवळ आपल्याकडचे निरीक्षण नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ज्युली ब्राइन्स आणि ब्रायन सेराफिनी या समाजशास्त्रज्ञांनी त्या राज्यातील २००१ ते २०१५ या काळातील घटस्फोटाचे अर्ज तपासले. दर वर्षी मार्च आणि ऑगस्ट या महिन्यांत ते वाढलेले त्यांना आढळले. नाताळ आणि उन्हाळ्याची सुटी यांकडून लोकांच्या फार अपेक्षा असतात, त्या फसल्या की माणसे कोर्टाची पायरी चढतात, असे त्यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. सुखवस्तू समाजात भांडणाचे पंचांग सुट्ट्यांवरून ठरते. गरीब समाजात ते पावसावरून ठरते. रॉबर्ट चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ग्रामीण दारिद्र्याच्या ऋतुमानावर एक ग्रंथ संपादित केला. पावसाळ्यात भूक, आजार, कर्ज आणि कष्ट ही चारही एकाच वेळी गरिबाच्या घरात शिरतात, आणि कोरड्या ऋतूत गाडीतून पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना ती दिसत नाहीत, हे त्यांनी बजावले. शीतल सेखरी आणि ॲडम स्टोरीगार्ड यांचा २०१४ चा अभ्यास तर अंगावर काटा आणणारा आहे. भारतात ज्या जिल्ह्यांत एखाद्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा बराच कमी पडला, तेथे हुंडाबळींची नोंद सुमारे ८ टक्क्यांनी वाढली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पाऊस कमी पडतो आणि सुना मरतात. मग हा 'घरगुती मामला' कसा?

सरकारी दप्तरात मात्र तो घरगुतीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील एकूण आत्महत्यांच्या कारणांत सर्वांत मोठा वाटा, ३१.७ टक्के, 'कौटुंबिक समस्या' या सदराचा आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्याने आत्महत्या केली, की चौकशी होते. नापिकी आणि कर्जबाजारीपणा सिद्ध झाला तर प्रकरण 'पात्र' ठरते आणि वारसांना एक लाख रुपये मिळतात. पंचनाम्यात 'घरगुती कलह' असे दोन शब्द पडले, की तेच प्रकरण 'अपात्र' होऊ शकते. कलह कोणत्या महिन्यात झाला, त्या आठवड्यात घरी कोण वसुलीस आले होते, पेरणी उलटली होती काय, हे त्या रकान्यात लिहावे लागत नाही. कर्ज घरात शिरताना आर्थिक असते आणि बाहेर पडताना कौटुंबिक होते. या नामांतराचा लाभ सरकारला होतो, आणि विधवेच्या कपाळी मात्र नवऱ्याला छळल्याचा कलंक कायमचा लागतो. घरगुती भांडणाकडे राजकीय प्रश्न म्हणून पाहण्याचे हे पहिले कारण आहे.

येथवर आपल्या वाचकांपैकी बहुतेकांची मान डोलत असेल. पिळवणूक बाजाराची आहे, भांडणे हे तिचे पडसाद आहेत, व्यवस्था बदला म्हणजे घरे शांत होतील. पण येथेच थांबणे ही लबाडी ठरेल. पैसा नसतो तेव्हा भांडण होते हे खरे. परंतु पैसा येतो तेव्हाही होते, हे दिवाळीच्या आणि हळदीच्या पट्टीच्या उदाहरणात आपण पाहिले. म्हणजे टंचाई एवढेच कारण नाही. आलेल्या पैशावर हक्क कोणाचा, हे दुसरे कारण आहे. शिवाय बाजाराचा फटका दोघांनाही बसतो, मग हात एकाच बाजूने का उठतो? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी चौघींत एकीने नवऱ्याच्या हातून हिंसा सोसल्याचे सांगितले. हा मार आडत्याने दिलेला नाही. आडत्यासमोर हात जोडून उभा राहणारा माणूसच घरी येऊन तो हात उगारतो. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार देशातील बाई घरकामात दिवसाची २८९ मिनिटे घालवते आणि पुरुष ८८. २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहिती खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होते. जमीन त्याची, पट्टी त्याच्या नावाची, उचल त्याच्या हाती. तिच्या नावावर फक्त गटाचे कर्ज. भांडण कधी व्हावे हे बाजार ठरवतो. त्यात हरायचे कोणी, हे सातबारा ठरवतो.

या जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. नामदेवांची पत्नी राजाई हिच्या नावावरचे अभंग आपल्या परंपरेने जपले आहेत. त्यांत संसाराची ओढाताण आहे, घरात काही नसल्याची तक्रार आहे, आणि विठ्ठलाच्या मागे लागलेल्या नवऱ्याबद्दलचा वैताग आहे. आपण नामदेवांचे अभंग गातो; राजाईची तक्रार भक्तिमार्गातील अडथळा म्हणून ऐकतो. सातशे वर्षांनी आपल्या चळवळीत निराळे काय चालले आहे? ऐन पेरणीत कार्यकर्ता शिबिरास जातो, मोर्चाला जातो, आणि खताच्या रांगेत त्याची बायको उभी राहते. परतल्यावर तिने तोंड उघडले, तर 'घरच्यांना चळवळीची जाण नाही' असे तो चार मित्रांत खेदाने सांगतो. प्रस्तुत लेखकही या दोषातून मुक्त नाही. माझ्या घरातील जून महिन्याच्या भांडणांत माझी बाजू बळकट होती, असे मला आज म्हणता येत नाही. आपल्या घरातील राजाईचे म्हणणे आपण ऐकले नाही, तर दुसऱ्याच्या घरातील रडण्याचा अर्थ आपल्याला कसा कळावा?

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे आपल्या कामाचे पंचांग घराच्या पंचांगाशी जुळवावे. पीककर्जाच्या प्रश्नावर मोर्चा जुलैत नेण्याने काही साधत नाही. तो एप्रिल-मेमध्ये, पोत गहाण पडण्यापूर्वी निघाला पाहिजे. हमीभावाची खरेदी केंद्रे दसऱ्याला उघडावीत, गटकर्जाचे हप्ते पिकाच्या हंगामाला बांधून द्यावेत, या मागण्या नवरा-बायकोच्या शांततेच्या मागण्या आहेत, हे सभांतून स्पष्ट बोलावे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. समान मजुरीमुळे हजेरीपटावर बाईच्या नावापुढे तिची स्वतःची कमाई लिहिली जाऊ लागली. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने २००५ च्या रोजगार हमी कायद्याऐवजी नवा कायदा आणला. त्यात कामाचे दिवस १२५ केले, पण पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही घातली. मृग कोरडा गेला तर शेतात काम नाही आणि सरकारी कामही नाही, अशी स्थिती औंढ्याच्या माळावर येऊ शकते. त्या पंधरवड्याचा जाब आपण आतापासून मागितला पाहिजे.

दुसरी गोष्ट घराच्या आतली, म्हणून अधिक अवघड. शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली आणि पुरुषांना बायकोच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. शासनानेही १९९२ साली पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. त्या संघटनेशी आपले मतभेद असोत. हे काम तिने आपल्या आधी हाती घेतले, हे मान्य करावे. आपल्यापैकी किती जणांच्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव आहे, याची मोजदाद पुढील तालुका बैठकीत व्हावी. आणि मारहाणीची तक्रार घेऊन बाई दारात आली, तर 'जुळवून घे, दिवस वाईट आहेत' असे सांगणारा पंच आपण होऊ नये. दिवस दोघांचेही वाईट असतात. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याखाली तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत तिला सोबत करणे हे आपले काम आहे.

नवरा-बायकोच्या भांडणावरील विनोदांत लाटणे हटकून असते. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी महागाईविरुद्ध मुंबईच्या रस्त्यावर बायकांना उतरवले, तेव्हा त्या बायकांच्या हातात तेच लाटणे होते. स्वयंपाकघरातील चणचणीचा जाब त्यांनी नवऱ्याला न विचारता मंत्रालयाला विचारला. त्या लाटण्याची दिशा बदलली, एवढाच त्या आंदोलनाचा अर्थ होता, आणि तो फार मोठा होता.

येत्या मृगात शेजारच्या घरातून आवाज आला, तर कूस बदलू नका. आधी जाऊन तो उगारलेला हात थांबवा. मग दोघांनाही समोर बसवून विचारा, की उद्या सकाळी तुमच्या दारात वसुलीला कोण येणार आहे.